सामाईक भिंत : अहमदाबादची पोळ आणि जतनाचा प्रश्न



आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. घरं बांधणं हा आमचा विषय नाही, त्यामुळे आज आम्ही घरांवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांच्या कपाळावर थोडी आठी पडली. ते साहजिकच आहे. पण तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आम्ही तीस-पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिला, आणि तो खऱ्या अर्थानं कळला तो निवृत्तीनंतर, अहमदाबादच्या एका गल्लीत उभं राहिल्यावर. प्रश्न असा, की अनेक वस्तू मिळून एक वस्तू होते, तेव्हा ते 'एक'पण नेमकं कुठं असतं?

बौद्धांचं उत्तर आपल्याला माहीत आहे. राजा मिलिंद रथातून येतो. नागसेन त्याला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. म्हणजे रथ हे भागांच्या जुळणीला दिलेलं एक नाव. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, अवयवी ही अवयवांपेक्षा वेगळी, खरी वस्तू आहे. त्यांची एक युक्ती अगदी घरगुती आहे. एक टोक धरलं तर सगळी वस्तू धरली जाते, एक टोक ओढलं तर सगळी वस्तू ओढली जाते. नुसता ढीग असता तर हातात आलं असतं तेवढंच आलं असतं. हे वाक्य ध्यानात ठेवा, शेवटी आपल्याला ते लागणार आहे.

आता गल्लीत येऊ. अहमदाबादच्या जुन्या शहरात वस्तीचा जो घटक आहे त्याला पोळ म्हणतात. मराठीत पोळ म्हणजे देवाला सोडलेला वळू, आणि अनेकवचन करायला जावं तर ताटातली पोळी होते. म्हणून आम्ही आपलं सरळ 'पोळ' म्हणणार. शब्द संस्कृत 'प्रतोली'वरून आला, म्हणजे दरवाजा. नाव दरवाजाचं आहे, यात बरंच काही आलं. मुख्य रस्त्यावर एक दार, रात्री ते बंद होणार, दारावर राखणदार. आत एक अरुंद रस्ता, त्याला फाटे, फाट्यांना आणखी फाटे, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं. पुण्याच्या आळीची आणि बोळाची आठवण येते, पण इथली रांग जास्त घट्ट आहे.

सुलतान अहमदशहानं १४११ साली साबरमतीच्या पूर्वेला हे शहर वसवलं. पुढच्या चार-पाच शतकांत तटाच्या आतला साधारण साडेपाच चौरस किलोमीटरचा भाग पोळांनी भरून गेला. आपल्या लोकांचाही त्यात हात आहे, आणि तो अभिमानानं सांगावा असा नाही. १७५८ पासून १८१७ पर्यंत, मधली थोडी उलथापालथ सोडली तर, या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा दुहेरी अंमल होता. महसुलाचे दोन वाटेकरी आणि देखभालीला कोणी नाही, असा तो काळ. पोळीचं दार इतकं जाड का, याचं एक कारण त्यातही शोधावं लागतं.

घर कसं असतं? समोरून अरुंद, आत खोल. रस्त्यालगत ओटला, म्हणजे आपला ओटा. मग खडकी, मग मध्ये आभाळाला उघडा चौक. बाजूच्या दोन्ही भिंतींना खिडकी नाही, कारण पलीकडे शेजारी आहे. त्यामुळे उजेड आणि वारा चौकातून यायचा. चौकाखाली टाकं. छपरावरचं पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि वर्षभर प्यायला वापरायचं. सांगाडा सागवानाचा, मध्ये विटांची भर. त्या सांगाड्याला थोडं हलायला, लवायला वाव असतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात शहराच्या नव्या भागांतल्या अनेक बहुमजली काँक्रीटच्या इमारती कोसळल्या. पोळांतली बरीच जुनी घरं तडे जाऊनही उभी राहिली.

पण आम्हाला बोलायचंय ते या कोरीवकामावर किंवा टाक्यावर नाही. आम्हाला बोलायचंय बाजूच्या भिंतीवर. जिच्याकडे कोणी बघत नाही, जिचा फोटो कोणी काढत नाही, त्या सामाईक भिंतीवर.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदाबादचा खंड १८७९ साली निघाला. त्यात पोळीच्या व्यवहाराचं वर्णन आहे. पूर्वी पोळीतल्या माणसाला आपलं घर बाहेरच्याला विकायचं किंवा गहाण टाकायचं असेल, तर आधी पोळीतल्या लोकांना विचारावं लागे. गॅझेटियर लिहिलं गेलं तेव्हा ही सामाईक मालकीची भावना ओसरली होती. तरीसुद्धा घर विकलं की मिळालेल्या रकमेतले शेकडा दोन ते पाच पोळीला द्यावे लागत. नियम मोडला तर दंड. हा पैसा पोळीच्या सामाईक निधीत जमा व्हायचा आणि त्यातून दरवाजाची डागडुजी, विहीर, शौचकूप आणि राखणदाराचा पगार भागायचा.

हे वाचलं आणि आम्ही पुस्तक मिटून बसलो. बघा, घर माझं आहे, पण माझ्या विक्रीत शेजाऱ्याचा वाटा आहे. का? कारण मी विकतोय त्या घराच्या किमतीतला काही भाग शेजाऱ्यानं निर्माण केलेला आहे. दाराला राखणदार आहे, विहीर स्वच्छ आहे, बाजूची भिंत धड आहे, म्हणून माझ्या घराला किंमत आहे. या हिशेबात अवयवी खरा मानलेला आहे. ढिगाला कोणी शेकडा पाच देत नाही.

आता आजचं जतन काय करतं ते बघू. आम्ही टीका करणार आहोत, म्हणून आधी श्रेय देऊन टाकतो. अहमदाबादनं पुष्कळ केलं आहे. १९९६ साली महापालिकेनं वारशासाठी वेगळा कक्ष काढला, तोही आपल्याकडच्या बऱ्याच शहरांच्या आधी. १९९७ पासून काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत सकाळचा वारसा-फेरफटका सुरू झाला. दोन हजारांहून जास्त घरं यादीत आली, त्यांना श्रेणी मिळाल्या. जुलै २०१७ मध्ये पोलंडमधल्या क्राकुव्ह इथल्या बैठकीत युनेस्कोनं या शहराला जागतिक वारसा ठरवलं. असा मान मिळालेलं हे भारतातलं पहिलं शहर. हे सगळं लहान काम नाही.

मग तक्रार काय? तक्रार अशी, की यादीचा घटक 'घर' आहे. एक घर, एक क्रमांक, एक श्रेणी, एक मालक. रांगेतलं चौथं घर यादीत आहे, पाचवं नाही, सहावं आहे. कागदावर हे शक्य आहे. भिंतीवर शक्य नाही. पाचवं घर पाडलं की चौथ्याची आणि सहाव्याची एकेक बाजू उघडी पडते. ती भिंत पाऊस झेलायला बांधलेलीच नव्हती. तिला बाहेरचा गिलावा नाही. तिला पलीकडून आधार होता, तो गेला. दोन-तीन पावसाळ्यांत तुळईची टोकं कुजायला लागतात. मग चौथ्या घराचा मालक अर्ज करतो की माझं घर धोकादायक आहे. आणि ते खरंच असतं.

या विचारपद्धतीचं टोक पाहायचं असेल तर लांबेश्वरच्या पोळीत जा. गुजरातीतले मोठे कवी दलपतराम (१८२०–१८९८) इथं राहत. त्यांचं घर राहिलं नाही. महापालिकेनं तिथं स्मारक केलं, आणि घराचा दर्शनी भाग पुन्हा उभारला. ओट्यावर कवींचा ब्राँझचा पुतळा बसवला आहे, खरोखर कोणी संध्याकाळचं बाहेर येऊन बसावं तसा. आम्ही गेलो तेव्हा दोन मुलं पुतळ्याला टेकून गप्पा मारत होती. फार गोड दृश्य. मग आम्ही दारातून डोकावलो. आत घर नाही.

वेदान्तात 'तोच हा देवदत्त' असं एक उदाहरण देतात. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर असलेला देवदत्त एकच, ही ओळख पटते, कारण काळ-स्थळ वेगळं असलं तरी माणूस सलग आहे. लांबेश्वरच्या पोळीत 'तेच हे घर' असं आपण म्हणू शकतो का? नाही म्हणू शकत. स्मारक म्हणून आमचा त्यावर आक्षेप नाही. कवीची आठवण ठेवली, चांगलं केलं. आक्षेप आहे तो त्याचा आदर्श होण्याला. कारण हळूहळू सगळ्या पोळीकडे याच नजरेनं पाहिलं जातं. समोरचा झरोका नीट आहे ना, खांबाची नक्षी दिसते ना, मग वारसा सुखरूप. मागे घर गोदाम झालं, चौकावर पत्रे पडले, टाकं बुजवलं, माणसं नदीपलीकडे गेली, तरी फोटोत काही फरक पडत नाही.

नक्षी म्हणजे पोळ नव्हे, याचा सगळ्यात मोठा पुरावा न्यूयॉर्कमध्ये आहे. लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचा अमेरिकन कलावंत १८८१ साली अहमदाबादला आला. मगनभाई हठीसिंग यांच्याबरोबर त्यानं लाकडी कोरीवकामाचा कारखाना काढला. इथल्या सुतारांनी कोरलेलं सागवान जहाजानं अमेरिकेला जाऊ लागलं. १८८७ च्या सुमारास त्यानं मॅनहॅटनमध्ये पूर्व दहाव्या रस्त्यावर आपलं घर बांधलं आणि त्याला अहमदाबादी सागवानाचा झरोका लावला. तो आजही जागेवर आहे. गंमत म्हणजे तेही रांगेतलंच घर. ग्रिनिच व्हिलेजची ती सगळी वस्ती १९६९ साली ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षित झाली. आता बघा, अहमदाबादचं कोरीवकाम तिथं उत्तम जपलेलं आहे. सुतार इथले, लाकूडकाम इथल्या पद्धतीचं. आणि तरी तिथं पोळीचा मागमूस नाही. फक्त नक्षी वाचवायची असेल तर ती कुठंही वाचते. संग्रहालयात वाचते, हॉटेलच्या दिवाणखान्यात वाचते, सातासमुद्रापार वाचते. पोळ मात्र पोळीतच वाचवावी लागते.

दुसरी एक गोष्ट जाता जाता. ही रांग याआधीही कापली गेली आहे. गांधी रोडवरची गर्दी हलकी करायला पोळांमधून आरपार एक नवा रस्ता काढला, म्हणून त्याचं नाव रिलीफ रोड. त्याचं अधिकृत नाव टिळकांचं आहे, पण तिथं कोणाला टिळक मार्ग विचाराल तर तो क्षणभर विचारात पडेल. त्या रस्त्याच्या कडेला दुकानांची सपाट तोंडं आहेत, आणि त्यांच्या मागे लगेच पोळ सुरू होते. पॅट्रिक गेडिस १९१५ साली अहमदाबादला आले होते. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. तट पाडायला त्यांचा विरोध होता. जुन्या वस्तीवर कुऱ्हाड न चालवता हलक्या हातानं शस्त्रक्रिया करावी, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकलं गेलं नाही. तट बहुतेक सगळा गेला, दरवाजे तेवढे उरले. म्हणजे इथंही तेच: दर्शनी वस्तू राहिली, जोडणारी भिंत गेली.

आता आमच्या बोलण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप आम्हीच मांडतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी मांडेलच. तुम्ही ज्या सामाईकपणाचं कौतुक करता, तो कोणाचा होता? बाहेरच्याला घर विकू नका, हा नियम कोणाला बाहेर ठेवण्यासाठी होता? पोळ पुष्कळदा एका जातीची किंवा एका धर्माची असे. निधीचा कारभार वरच्या जातींच्या हातात. ते शौचकूप साफ कोण करत होतं, त्याला पोळीत घर होतं का? दाराच्या आतल्या सुरक्षिततेची किंमत दाराबाहेरच्यानं मोजलेली आहे. आणि आतल्यांनीही मोजली आहे. चौकात कोण कधी आलं-गेलं हे दहा डोळ्यांना दिसायचं. सुनेला आणि विधवेला त्या डोळ्यांचा आधार किती आणि धाक किती, हे त्यांनाच विचारायला हवं.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. त्याला भूतकाळ म्हणून बाजूलाही सारता येत नाही. गुजरातेत अशांत क्षेत्रांचा कायदा आहे, १९९१ चा. ठरावीक भागांत घर विकायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दंगलीनंतर कोणाला धाकानं घर विकावं लागू नये हा त्याचा सांगितलेला हेतू. पण दोन समाजांमधली रेघ त्यानं आणखी पक्की झाली, अशी टीका त्यावर सतत होते. जुन्या पोळीची परवानगी आणि नव्या कायद्याची परवानगी शेजारी ठेवून पाहिली की अंगावर काटा येतो.

मग काय, सामाईकपणाच टाकून द्यायचा? इथं आम्ही थांबून एक भेद करतो. त्या गॅझेटियरच्या नोंदीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क. दुसरी, एकत्र राहणाऱ्यांनी एकमेकांच्या भिंतीची घेतलेली जबाबदारी. पहिला दरवाजाचा नियम, दुसरा भिंतीचा. इतिहासात दोन्ही एकत्र आले म्हणून ते एकच आहेत असं होत नाही. पलीकडे राहणाऱ्याची जात कुठली, यानं तुळईच्या टोकाला काही फरक पडत नाही. दरवाजाचा नियम गेला पाहिजे, भिंतीचा राहिला पाहिजे. आपलं झालं उलटं. दरवाजाचा नियम आपण कायद्यात बसवला, आणि भिंतीचा विसरून गेलो.

एवढं सगळं अहमदाबादबद्दल, असं म्हणून आम्ही सुटू शकलो असतो. पण ते प्रामाणिक होणार नाही.

पुण्यात एका पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा होता. फार मोठा नाही, दोन चौकी. आम्ही चार भाऊ. भाडेकरूंचं भाडं इतकं कमी, की नळाचा वॉशर बदलायचा तर पदरचे घालावे लागत. पावसाळ्यात पाच-सहा ठिकाणी घमेली ठेवायची. शेवटी एकदा सगळे बसलो आणि वाडा बिल्डरला द्यायचा ठरला. त्या बैठकीत तत्त्वज्ञानाचा प्राध्यापकही होता, आणि त्यानं हात वर केला होता. त्याला आज आम्ही पूर्ण दोषी मानत नाही. पैसा नव्हता, मदत नव्हती, मुलं मोठी होत होती.

वाडा पाडल्यावर आठवडाभरानं आम्ही तिथं गेलो. आमची जागा म्हणजे मातीचा ढीग. आणि शेजारच्या वाड्याच्या उघड्या पडलेल्या भिंतीवर आमचं घर दिसत होतं. जिन्याची तिरकी रेघ. माजघराचा निळा रंग. आणि वरच्या बाजूला आमच्या आईचा दिव्याचा कोनाडा, त्यावर काजळीचं बोट उमटावं तसा काळा डाग. आमच्या घराची ती एकमेव शिल्लक गोष्ट दुसऱ्याच्या घरात होती.

शेजारी भले लोक. काही बोलले नाहीत. त्या भिंतीला त्यांनी पत्रे मारले. तरी पाणी आत यायचंच. तीन पावसाळ्यांनी त्यांनीही वाडा दिला. त्यानंतर पुढचा. आम्ही मात्र घरात म्हणत राहिलो की आम्ही आमचा वाडा पाडला. ते खोटं होतं. आम्ही रांग पाडली होती. एक टोक ओढलं आणि सगळं ओढलं गेलं. नैयायिकांची ती युक्ती आम्ही इतकी वर्षं परीक्षेला टाकत होतो, आणि ती आमच्याच गल्लीत सिद्ध झाली.

म्हणून शेवटी तीन गोष्टी सुचवतो. आम्ही वास्तुविशारद नाही, चूक असेल तर सांगा.

पहिली, यादीचा घटक घर नको, रांग हवा. यादीतल्या घराला लागून असलेलं साधं, नक्षी नसलेलं घरसुद्धा त्या भिंतीपुरतं वारसाच आहे. ते पाडायची परवानगी देताना शेजारच्या भिंतीला आधार आणि गिलावा कोण करणार, हे आधी लिहून घ्या.

दुसरी, पैशाची. यादीतल्या घराच्या मालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क शहराच्या दुसऱ्या भागात विकता येतो. ही सोय चांगली आहे, पण ती मालकाशी बोलते, पोळीशी बोलत नाही. त्या रकमेतले शेकडा दोन ते पाच पोळीच्या निधीत का जाऊ नयेत? मोडलेल्या कौलासाठी, तुंबलेल्या मोरीसाठी, सामाईक भिंतीसाठी. त्या निधीवर मालकाबरोबर भाडेकरू असावा, बायका असाव्यात, आणि कुठल्याही जातीधर्माचा रहिवासी असावा. जुना आकडा ठेवा, जुना दरवाजा नको.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी. लहान दुरुस्ती स्वस्त आणि सोपी करा. माणसं घर सोडतात ती बहुतेक वेळा मोठ्या संकटामुळे सोडत नाहीत. दहा वर्षं न झालेल्या दहा लहान दुरुस्त्यांमुळे सोडतात. आम्हाला त्या वेळी कोणी एक चांगला सुतार आणि निम्म्या कौलांचे पैसे दिले असते, तर तो हात वर गेला असता का? आम्हाला माहीत नाही. पण हा प्रश्न आमची पाठ सोडत नाही.

तुमच्यापैकी बरेच जण सदनिकांत राहता. तुमचीही एक भिंत सामाईक आहे. आज घरी गेल्यावर तिच्यावर हात ठेवून बघा. पलीकडून कोणीतरी खिळा ठोकत असेल, आणि तुम्हाला राग येईल. थोडा राग येऊ द्या. पण ती भिंत अर्धी त्यांची आहे आणि तिच्यावरचा तुमच्या आईचा कोनाडासुद्धा अर्धा त्यांनीच धरून ठेवलेला आहे, एवढं लक्षात असू द्या.

 आता प्रश्न विचारा.